ओठांपर्यंतचा प्याला

पौष निम्मा सरला की कर्जतच्या बाजारात वालाच्या शेंगांच्या पाट्या दिसू लागतात. पहाटेच्या दवानं शेंगा अजून ओल्या असतात, त्यांच्यावर मातीचे बारीक ठिपके असतात, आणि विकायला आलेल्या बाया डोक्यावरचा पदर हनुवटीपर्यंत ओढून, उन्हाकडे पाठ करून बसलेल्या असतात. शेंग मोडून पाहिली तर बोटांना एक हिरवा, जरासा उग्र वास चिकटतो. साबणानं हात धुतले तरी तो दुपारपर्यंत जात नाही. दवाखान्यात औषधाच्या बाटल्या भरताना तो मध्येच नाकाशी येतो, आणि माझे हात थांबतात.

मी फारसं न बोलणारा माणूस. दवाखान्यात येणाऱ्या बायका मला मुका कंपाउंडर म्हणतात, हे मला ठाऊक आहे. बाटलीत मिश्रण ओतायचं, डोसाच्या खुणा कातरलेली कागदाची पट्टी चिकटवायची, "हलवून घ्या, जेवल्यावर घ्या" एवढं सांगायचं आणि पुढचा कागद हातात घ्यायचा. यात माझं निम्मं आयुष्य गेलं. कमी बोलणाऱ्या माणसाला लोक विचारी समजतात. आमच्या ख्रिस्ती मंडळीतले लोक तर मला फार श्रद्धावान समजत. त्यांचा तो समज मी कधी मोडला नाही, आणि तेच मला आज सांगायचं आहे.

गोष्ट दुसरी मोठी लढाई चालू होती त्या वर्षांतल्या एका वालाच्या हंगामाची. पण मूळ मुद्दा आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला अंधारात चालावं लागणार नाही. मी ख्रिस्ती झाल्याला तेव्हा वीसेक वर्षं होऊन गेली होती, आणि आपलं तारण झालं आहे याची मला खात्री नव्हती. आमची शिकवण अशी की माणसानं ख्रिस्तावर भरवसा टाकला की देव त्याच्या पापांची क्षमा करतो, त्याला आपलं म्हणतो. आणि हे मेल्यावर नाही, इथं, जिवंतपणीच माणसाला उमगू शकतं. त्या उमगण्याला आम्ही तारणाची खात्री म्हणतो. ती मला नव्हती. आणि दुसऱ्यांना ती देणं हे माझ्या कामात मोडत होतं. आमच्या डॉक्टरबाई नगरकडच्या. त्यांच्या हातून जो रोगी बरा होण्यासारखा नसे, त्याच्याजवळ त्या मला बसवत. "तुम्ही बसा जरा त्यांच्यापाशी," एवढंच म्हणत, आणि मी समजून घेई.

आमच्या मंडळीत रेल्वेतून निवृत्त झालेले एक मनोहरमामा होते. आयुष्यभर घाटात गाड्यांना इंजिनं जोडण्याचं काम केलेलं, आवाज दांडगा. शेवटी त्यांचा श्वास पुरेना. मी उशाशी बसलो होतो. ते म्हणाले, "कंपाउंडर, माझं नक्की ना रं?"

"नक्की, मामा."

"तू जाऊन बघून आलास का?"

"नाही मामा. पण तसं वचन आहे."

"मग असंल," मामा म्हणाले, आणि त्यांनी चहा मागितला. दोन घोट घेतले, बशी परत दिली आणि भिंतीकडे वळून निजले. त्या निजेतच ते गेले. चेहरा एखादी गाडी वेळेवर सोडल्यासारखा. मी मागच्या पडवीत जाऊन बाटल्या धुवायला बसलो. त्या धुतलेल्याच होत्या. मामांनी माझ्या शब्दावर विसंबून डोळे मिटले, आणि तो शब्द मी स्वतः कधी अंगाला लावून पाहिला नव्हता.

कुणाला वाटेल, खात्री नव्हती तर नव्हती, त्यात एवढं काय. माझंही तसंच चाललं असतं. पण आमच्यात प्रभुभोजन असतं. दोन-तीन महिन्यांतून एकदा पाळकसाहेब पुण्याच्या बाजूनं गाडीनं येत. दवाखान्याच्या पुढच्या खोलीत बाकं मांडून उपासना होई. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा एक प्याला सगळ्यांत फिरे. ख्रिस्तानं आपल्यासाठी प्राण दिला, आणि ते आपण आपल्यासाठी म्हणून स्वीकारलं, असा त्याचा अर्थ. आमच्याकडे रस कुठला. मनुका उकळून, कुस्करून, गाळून ते पाणी प्याल्यात घेत. ते करण्याचं काम माझं, कारण गाळणं-मोजणं कंपाउंडरला जमतं असं सगळ्यांचं मत. ज्या फडक्यातून मी खोकल्याचं औषध गाळी, तसलंच दुसरं धुवट फडकं त्यासाठी निराळं ठेवलेलं होतं.

प्याला माझ्यापर्यंत येई. मी तो दोन्ही हातांनी घेई, मान खाली घाली, ओठ घट्ट मिटून काठाला लावी आणि पुढे देई. एक थेंबही आत जाऊ देत नसे. भाकरीचा तुकडा रुमालात धरून ठेवी आणि घरी जाताना पाखरांना टाकी. अशी किती वर्षं. ज्याचं आपलं म्हणून नक्की नाही ते घशाखाली घालायचं नाही, एवढा एक प्रामाणिकपणा मी स्वतःपाशी ठेवला होता. बाकी सगळा देखावा. लोक म्हणत, प्याला घेताना कंपाउंडर किती वेळ मान खाली घालून असतो.

याच्या मुळाशी माझे वडील आहेत.

मी खालापूर तालुक्यातला, चौक गावाजवळच्या एका शेतकरी घरातला थोरला मुलगा. आमच्या शेताच्या बांधावर उभं राहिलं की समोर इर्शाळचा डोंगर दिसतो, त्याच्या माथ्यातल्या भोकातून आभाळाचा तुकडा दिसतो. मी शाळेसाठी मिशनच्या बोर्डिंगात राहिलो, तिथंच माझं मन येशूकडे वळलं, आणि वयात आल्यावर मी बाप्तिस्मा घेतला. तेव्हा मला कुणी फसवलं नव्हतं, काही देऊ केलं नव्हतं. बा मला भेटायला बोर्डिंगपर्यंत चालत आला. फाटकाबाहेर उभा राहिला. "घरला येतोस का?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, येतो, पण आहे तसा येतो. तो म्हणाला, "तसा नको येऊस." आणि आला तसा चालत गेला. आई त्याआधीच गेलेली. पाठचा भाऊ गणा तेव्हा शेंबडा होता.

पुढं काही वर्षांनी, एका सकाळी, गावचा माणूस दवाखान्यात निरोप घेऊन आला. बा गेला. गाव थांबलंय. थोरला तूच, तुझ्या हातून व्हायचं.

मी म्हटलं, येतो. तो गेला. मी आत जाऊन टेबलाशी बसलो. मला सगळं दिसत होतं: अंगणातली माणसं, कुणीतरी माझ्या हातात विस्तवाचं मडकं देणार, आणि मी ते घेतलं तर आपण ख्रिस्ती कसले, आणि नाही घेतलं तर सगळ्या गावासमोर बापाच्या प्रेताशी उभं राहून नाही म्हणायचं. मला दोन्ही जमण्यासारखं नव्हतं. मी हिवतापावरच्या कोयनेलच्या मिश्रणाच्या बाटल्या भरायला घेतल्या. एक भरली, दुसरी भरली. उन्हं कलली. मी गेलो नाही. मडकं गणानं धरलं.

पुढच्याच खेपेला पाळकसाहेबांनी उपासनेत माझा दाखला दिला. नाव घेतलं नाही, पण सगळे माझ्याकडेच बघत होते. आमच्यातल्या एकानं प्रभूखातर बापाच्या मढ्याकडेही पाठ फिरवली, असं ते म्हणाले. बायांनी डोळे पुसले. मी बाकावर बसून होतो. तेव्हाच उठून, असं नाही हो, असं म्हणायला हवं होतं. पण असं नाही, तर कसं, हे तरी मला कुठं ठाऊक होतं? मी विश्वासानं थांबलो की भीतीनं? विश्वासानं असेल तर मी देवाचा. भीतीनं असेल, तर बाप गेला तो गेला आणि ज्याच्यासाठी म्हणून त्याला सोडलं त्या देवाकडेही माझी जागा नाही. रोज सकाळी उठून हा एकच प्रश्न मी स्वतःला विचारी, आणि उत्तर येईपर्यंत प्याला ओठांवरूनच परत जाई.

त्या हंगामात आमच्या तालुक्यात हिवतापानं घरं आडवी झाली होती. लढाईमुळे कोयनेल मिळेनासं झालेलं. आलं की डॉक्टरबाई गोळ्या कपाटात घालून किल्ली कमरेला लावत. दवाखान्याच्या ओट्यावर घोंगड्या पांघरलेली माणसं थरथरत रांगेत बसत. मी टेबलाशी मान खाली घालून कागद लिहीत होतो.

"नाव सांगा."

कुणी बोलेना.

"नाव सांगा, बाकीचे खोळंबलेत."

"दादा, माझं नाव तुला ठावं हाय."

मी वर पाहिलं. गणा. गालफडं बसलेली, डोळे पिवळट. बा गेल्यावर आम्ही बाजारात दोन-तीनदा एकमेकांना दिसलो होतो. दिसलो एवढंच. मी त्याचं नाव लिहिलं. बापाचं नाव लिहायची जागा आली तेव्हा टाक शाईत बुडवायला जरा जास्त वेळ घेतला.

बाटली देताना मी विचारलं, "घरी कोण आहे?"

"बायजा हाय. भात निघाला कसातरी. वाल टाकलेत. आता तिकडं बघाया कोन नाय. गुरं शिरतात."

"मी येतो," मी म्हणालो. ते माझ्या तोंडून कसं निघालं, मला कळलं नाही.

"तू?"

"ऐतवारी. उपासना झाली की."

गणानं घोंगडी सारखी केली. "ये की. अडवाया आता कोन हाय."

असा मी जाऊ लागलो. पेट्रोल मिळत नसे म्हणून सर्व्हिस मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी लावलेली असे. ती चढावर थांबे, क्लीनर उतरून भट्टी ढवळी, तोवर उतारू खाली उतरून आळोखेपिळोखे देत. चौकला उतरून शेतापर्यंत चालत जायचं. भात निघून गेलेलं, धसकटं पायाला टोचत, आणि त्यांच्यामधून वालाचे वेल नुकते पसरू लागलेले. बांधाबांधानं भांबुर्डा माजलेला. पाय लागला की त्याचा कापरासारखा वास उठे. घरात मी शिरलो नाही. कुणी ये म्हणालं नाही, नको म्हणालं नाही. बायजा शेतावर भाकरी आणून बांधावर ठेवी आणि लांब जाऊन बसे. धाकट्या भावाची बायको, ती थोरल्या दिराशी सरळ बोलणार कशी? ती म्हशीशी बोले. "भाकर थंड व्हती म्हनावं, चटनी खाली हाय म्हनावं." म्हैस ऐकून घेई आणि मी जेवी.

करवंदीच्या काट्या तोडून मी कुंपण बुजवलं. गुरं हाकली. पण तेवढ्यानं माझं समाधान होईना. आणखी काही करावंसं वाटे. जमीन वरून पांढरी पडली होती, तिला बोटभर भेगा गेल्या होत्या. खाली ओढ्यात पाणी होतं. मी कावड घेतली आणि ओढ्याकडच्या तुकड्यात पाणी घालायला सुरुवात केली. खांद्याची सालं निघाली, तेव्हा कुठं बरं वाटलं. पुढच्या ऐतवारी पुन्हा घातलं. त्याच्या पुढच्याही.

आता हे या मुलुखात कुणालाही सांगितलं तर तो हसेल. आमच्याकडे वालाला कुणी पाणी घालत नाही. भात कापल्यावर जमिनीत जी ओल उरते तिच्यावरच वाल येतो, वरून दहिवर पडतं तेवढं त्याला पुरतं. हे मला चालायला लागल्यापासून माहीत. माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. वरची भेग दिसली आणि खालच्या ओलीवर भरवसा ठेवणं मला जमलं नाही, इतकंच.

पौषात ओढ्याकडचा तुकडा गुडघाभर माजला. पानं काळीभोर, तळहाताएवढी. लांबून पाहिलं तर वाटावं काय पीक आलंय. आत हात घालून पाहिलं तर फूल नाही, शेंग नाही. वरच्या तुकड्यात, जिथं माझी कावड पोचली नव्हती, तिथं बुटके वेल शेंगांनी लगडलेले.

गणा तोवर काठी टेकत हिंडू लागला होता. तो आणि बायजा बांधावर उभे राहून बघत होते.

"इचारा म्हनावं," बायजा म्हशीला म्हणाली, "वालाला पानी कुनी सांगलं व्हतं घालाया? आता तूच खा बाय ह्यो पाला. तुझ्यासाठीच क्येलाय."

"दादा, पानी घातलंस व्हय रं?"

"वरनं सुकी दिसली जमीन."

"वरनं सुकीच दिसनार." गणा खाली बसला आणि वरच्या तुकड्यातली एक भेग त्यानं बोटांनी रुंद केली. "घाल हात."

मी घातला. मनगटापर्यंत गेला. आत गार होतं, ओलसर होतं. मी हात तसाच ठेवला.

"मिशनात वाल खात नायत वाटतं," गणा म्हणाला, आणि बायजा तोंडाला पदर लावून हसली.

अजूनही कधीतरी, उपासनेहून येताना, लोक आपापल्या भक्तीचा हिशेब एकमेकांना सांगत चाललेले ऐकतो. कुणी किती प्रार्थना केली, कुणी किती उपास केले. मी त्यांना काही म्हणत नाही. माझा तो माजलेला पाला म्हशीनं आठवडाभर खाल्ला, एवढं आठवतं.

माघात वरच्या शेंगा भरल्या आणि गणानं पोपटी लावायची म्हणून मला थांबवून घेतलं. या दिवसांत आमच्या बाजूला शेताशेतातून पोपटीचे धूर दिसतात. मातीच्या मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या कोवळ्या शेंगा, वर पुन्हा पाला दाबून तोंड बंद करायचं, मडकं जमिनीवर उपडं घालायचं आणि भोवती पेंढा नि गोवऱ्या रचून पेटवायचं. सूर्य इर्शाळच्या मागं गेला होता. आम्ही तिघंच होतो. बायजा जरा आडवं तोंड करून बसली होती. गणानं बोटानं मडक्यावर पाणी शिंपडलं. ते चर्रकन उडालं, तेव्हा त्यानं काठीनं मडकं बाहेर ओढलं आणि गोणपाटावर शेंगांचा ढीग ओतला.

घरात मला निराळं पान मांडलं असतं, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. इथं एकच ढीग होता. गणानं एक मूठ उचलली आणि ढीग हातानं माझ्याकडे सरकवला.

मी शेंग सोलली. विचारीन विचारीन म्हणत इतकी वर्षं गेली होती. "गणा, बानं जाताना माझं नाव घेतलं का रे?"

"नाय."

"काहीच बोलला नाही?"

"रागातच गेला. खोटं कशाला सांगू? तुझं नाव काढलं की तोंड भिताडाकडं करायचा."

"गरम हाय तवर खावा म्हनावं," बायजा विस्तवाकडे बघत म्हणाली.

मी आणखी दोन शेंगा फोडल्या. मग मी म्हणालो, "आमच्या मंडळीत लोक म्हणतात, मी देवासाठी आलो नाही त्या दिवशी."

"कोन म्हंतं?"

"सगळेच. पाळकसाहेबांनी प्रवचनात सांगितलं."

गणा हसला. त्यात कुजकेपणा नव्हता, खरंच हसू आलं म्हणून हसला. "दादा, तू भ्यालास रं. सर्ज्या बैल उधळला तवा पन तू आंब्यावर चढलास नि मी खाली बोंबलत व्हतो. आख्ख्या गावाला ठावं हाय तू भ्यालास. देवाला कशाला मधी घालतोस?"

मी पुढची शेंग सोलली.

"राग नाही आला तुला?" मी विचारलं.

"आला व्हता की. मडकं जड व्हतं. हात भाजत व्हता नि मी केवढासा." त्यानं टरफलं विस्तवात टाकली. "आता काय त्याचं? खा. ह्या बाजूच्या चांगल्या शिजल्यात."

त्या रात्री मी शेतावरच्या माळ्यावर निजलो आणि गाढ झोपलो. सकाळी उठलो तर दरीत धुकं भरलेलं होतं, पाताळगंगा नदीच्या बाजूला नुसतं पांढरं. वालाच्या पानापानावर पाणी. मी बांधावर बसून राहिलो.

मला काही दृष्टांत झाला नाही. आवाज ऐकू आला नाही. झालं ते इतकंच की इतकी वर्षं मी मनात जो खटला चालवत होतो, त्याचा निकाल गणानं शेंगा खाता खाता देऊन टाकला होता. निकाल माझ्याविरुद्ध होता. मी भ्यालो होतो. ज्या श्रद्धेच्या जिवावर मी उभा आहे की नाही हे तपासत होतो, ती त्या दिवशी नव्हतीच. बाची माफीही नव्हती, आणि आता ती कुठूनही यायची नव्हती. मी वाट पाहत बसलो की आता पायाखालचं सगळं जाईल. धुकं हळूहळू वर चढत होतं, कुठंतरी कोंबडा आरवत होता, आणि काहीच गेलं नाही. ख्रिस्त जिथं होता तिथंच होता. तो माझ्यासाठी मेला तेव्हा मी शूर आहे असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी भित्रा आहे हे गणाला ठाऊक, गावाला ठाऊक. त्यालाच तेवढं ठाऊक नसेल? ठाऊक असून त्यानं मला घेतलं असेल, तर माझ्या भित्रेपणानं ते मोडायचं कसं? इतकी वर्षं मी माझा विश्वास हातात घेऊन उलटापालटा करून बघत होतो. ज्याच्यावर तो ठेवायचा, त्याच्याकडे बघायचं राहूनच गेलं होतं.

हिवतापाचा ताप उतरताना मी हजारदा पाहिला आहे. माणूस आनंदानं नाचत नाही. त्याला घाम येतो, अंग सैल पडतं, तो डोळे उघडून इकडंतिकडं बघतो आणि पाणी मागतो. माझं तसं झालं.

बाचं दुःख त्यानं गेलं असं नाही. ते आजही आहे. त्याच्या मातीला मी गेलो नाही, ही गोष्ट क्षमा झाली म्हणून झालीच नाही असं होत नाही. शंकाही अधूनमधून येते, विशेषतः अंग मोडून आलं की. पण तिला आता मी पहिल्यासारखं पाट-पाणी देत नाही.

माघ सरता सरता पाळकसाहेब आले. आदल्या दिवशी मी मनुका उकळल्या. मनात आलं होतं, की आधी सगळ्यांसमोर उभं राहून खरं सांगावं, मंडळींच्या मनातला तो दाखला पुसावा, आणि मगच प्याला घ्यावा. रात्रभर ते वाक्य मनात घोळवलं. पहाटे वाटलं, हीही कावडच. सांगायचं ते सांगायचंच, पण ते घेऊन प्याल्याची किंमत भरायला जायचं नाही. पाळकसाहेबांना मी पुढच्या खेपेला सांगितलं. ते बराच वेळ स्टेशनच्या बाकावर छत्रीच्या टोकानं जमिनीवर रेघा ओढत होते. मग म्हणाले, "म्हणजे माझं ते प्रवचन फुकटच गेलं म्हणायचं." आणि माझ्या पाठीवर हात ठेवून हसले. मंडळींना सांगायला मात्र हा लेख लिहीपर्यंत मला धीर झाला नव्हता.

त्या ऐतवारी खोली भरली होती. बाहेर मुंबईहून आलेल्या गाडीला घाटासाठी मागून इंजिन जोडत होते. तो धक्का बसला की आमच्या खिडक्या नेहमीसारख्या वाजल्या. भाकरीचा तुकडा मी खाल्ला. प्याला शेजारच्या सिग्नलवाल्याकडून माझ्याकडे आला. मी मान खाली घातली नाही. तोंड उघडलं आणि घोट घेतला, चांगला मोठा, आणि गिळला. मग प्याला माझ्या बायकोकडे, सुमतीकडे, दिला. तिनं घेतला, पुढं दिला. गायन सुरू झालं.

घरी जाताना आम्ही उल्हासच्या काठच्या वाटेनं गेलो. ऊन चढलं होतं, नदीत बाया धुणी आपटत होत्या. पुलाच्या अलीकडे आल्यावर सुमती म्हणाली, "आज घेतलात."

"हं."

ती चालत राहिली. मला वाटलं, आता ती रडेल, किंवा विचारील की इतकी वर्षं का नाही. मीच म्हणालो, "आंबट झालं होतं गं. आदल्या दिवशी करून ठेवलं म्हणून असेल."

"दर वेळी आंबटच असतं तुमचं."

मी थांबलो. "दर वेळी?"

"मनोहरमामा तर तोंड वाकडं करायचे अगदी," सुमती म्हणाली. "मनुका जास्त वेळ ठेवता तुम्ही."

"मग कुणी बोललं का नाही मला?"

"पीत होतो ना सगळे," ती म्हणाली, आणि पदर सावरून पुढं चालू लागली.